फाळ लागलेलं चितळ

जनावरांचा डॉक्टर आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच स्वतःच्या गुडघ्याबद्दल विचारतात. गुडघा तो गुडघा, बैलाचा काय अन् माणसाचा काय, असा त्यामागचा हिशेब. नोकरीत मी कितीतरी तहसीलदारांचे गुडघे फुकटात तपासले. त्यांतला एकही बरा झाला नाही, पण बदलीच्या वेळी हार मात्र मिळाला.

या अंकासाठी 'वाघाचं काही लिहा' असं संपादकांनी कळवलं. त्यांना कसं सांगावं की माझी निम्मी नोकरी अडलेल्या गाईंच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालण्यात गेली आणि उरलेली निम्मी सरकारी जीप सुरू व्हायची वाट बघण्यात. वाघ मी पाहिले ते बहुतेक मेलेले. जिवंत जनावराने मला चावण्याचा प्रसंग एकदाच आला, आणि तो वाघाचा नाही, बिबट्याचा. तेवढंच लिहितो.

आमचं घर राजुऱ्याचं. आजोबांपर्यंत गावातलं मेलेलं ढोर ओढून नेणं आमच्या घराच्या वाट्याला होतं. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली आणि ते काम सोडलं ते सोडलंच. वडील कोळशाच्या खाणीत लागले. मी पशुवैद्यकीची पदवी घेऊन घरी आलो तेव्हा बाबांनी पेढा हातात फिरवून फिरवून पाहिला. मग म्हणाले, "माह्या बापानं ढोर सोडलं, अन् तू कालेजात शिकून पुन्हा ढोराकडंच चालला. बरं, ओढू नको म्हंजे झालं." मी कधी ओढलं नाही. कापलं मात्र पुष्कळ.

ऐंशीच्या दशकात माझी नेमणूक अहेरीला झाली. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झाला होता, आणि आमच्या खात्यात अहेरीची बदली म्हणजे साहेबाशी भांडण झाल्याची खूण समजत. माझं कुणाशी भांडण नव्हतं. मी नवीन होतो, एवढाच माझा गुन्हा. दवाखाना कौलारू, पुढे कडुनिंबाचं झाड, झाडाखाली जनावर अडकवायचा लाकडी खोडा, आणि मदतीला नामदेवभाऊ नावाचे पट्टीबंधक. हे नामदेवभाऊ दवाखान्यात माझ्या आधी दहा डॉक्टर पाहून बसलेले होते, त्यामुळे मी जे सांगेन त्यावर त्यांचं पहिलं उत्तर "पाहू" असं असायचं.

गिऱ्हाइकं एकाहून एक. बाजाराच्या दिवशी एकजण झुंजीचा कोंबडा काखेत घेऊन आला. छाती फाटलेली. म्हणाला, "डाक्टर, झटपट दोन टाके मारा, चार वाजता याची अजून एक लढाई हाय." मी टाके घातले आणि कोंबडा दवाखान्यात ठेवून घेतला. तो माणूस दर बाजारी यायचा, "सुट्टी झाली का माह्या पेशंटाची?" म्हणून विचारायचा, आणि मी "अजून अशक्तपणा आहे" म्हणायचो. असा अशक्तपणा वर्षभर चालला. त्या कोंबड्यानं पुढे नामदेवभाऊंच्या चपलांशी झुंजी केल्या, पण रक्त कुणाचं निघालं नाही.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रानटी जनावर मेलं की वनखात्याचा माणूस सायकलवर निरोप घेऊन यायचा. मी जाऊन शवविच्छेदन करायचं, मेलं कशानं ते लिहायचं. त्यानंतर पंच, म्हणजे गावातले साक्षीदार, यांच्यासमोर ते जाळायचं. बिबट असेल तर नखं-मिशा कुणी विकू नयेत म्हणून, चितळ असेल तर मांस कुणी खाऊ नये म्हणून. नियम असा की पूर्ण राख होईपर्यंत पंचांनी हलायचं नाही. राख झाली की त्यांनी सही किंवा अंगठा द्यायचा. त्याआधी ते जनावर, आमच्या सरकारी भाषेत, मेलेलं नसतं.

लालसूची माझी ओळख अशाच एका जाळण्याच्या वेळी झाली. माडिया आदिवासी, चाळिशीचा, अंगानं काटक. सरण रचायला लाकडं आणून त्याने खाली टाकली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "इतकं मांस जाळून राह्यला डाक्टर, तुह्या घरी कोनी जेवत नाई का?" त्याच्या मराठीत साहेबालाही 'तू' आणि बैलालाही 'तू'. मला ते ऐकून बरं वाटायचं. 'आपण' म्हणणारे लोक माझ्या हातचा चहा घेताना कसे कप बघायचे ते मी पाहिलेलं होतं.

हा लालसू तेव्हा पारसनीस सरांकडे होता. माग काढण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता.

पारसनीस सर म्हणजे मोठं प्रस्थ. दूरच्या शहरातून येऊन त्यांनी जंगलाच्या कडेला एका नाल्याकाठी तळ टाकला होता. वर्तमानपत्रात दर रविवारी जंगलावर त्यांचं सदर यायचं. शाळा-कॉलेजांत स्लाइड दाखवून ते भाषणं द्यायचे. स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीतला रंगीत फिल्मचा तुकडा. यंत्राच्या दिव्याचा उजेड त्यातून पलीकडे गेला की पांढऱ्या चादरीवर खोलीएवढा बिबट्या उभा राहायचा. गावात बिबट्या शिरला की वनखातं सरांना बोलवायचं, सर पिंजऱ्यात तो धरायचे आणि लांब जंगलात नेऊन सोडायचे. निदान ते तसं सांगायचे आणि कुणी मागे जाऊन बघत नव्हतं.

माणूस मोठा गोड. मला म्हणायचे, "डॉक्टर, या जंगलात शिकलेली माणसं दोनच, तुम्ही आणि मी." मी हुरळून जायचो, खोटं कशाला बोलू? त्यांच्याबरोबर मी पहाटे फिरलो आहे. कोणता पक्षी कोणत्या कारणानं ओरडतो, बिबट्या जवळ असला की माकडाचा आवाज कसा बदलतो, हे मला त्यांनी शिकवलं, आणि ते सगळं खरं होतं. त्यांनी मला एक मोठा फोटोही भेट दिला होता. झुडपातून बिबट्या झेपावतोय आणि पुढे चितळाची मादी मान वळवून बघतेय. भर उन्हातला, मादीच्या डोळ्यात उजेड दिसावा इतका स्वच्छ. खालची कडा कापून तो चौकटीत बसवलेला होता. दवाखान्यात माझ्या टेबलामागे मी तो लावला.

पुढच्या उन्हाळ्यात चितळं मरायला लागली.

मरतात तशी मरत नव्हती. एकामागून एक, त्याच नाल्यात, सगळ्या माद्या. पहिली मी कापली तेव्हा मागच्या पायाची धोंडशीर तुटलेली दिसली. टाचेच्या वर जी जाड दोरी हाताला लागते तीच ही शीर. ती तुटली की जनावराला खुरावर उभं राहता येत नाही, टाच टेकवून बसल्यासारखं उभं राहावं लागतं. तुटली कसली, कापलेली होती. धारदार हत्यारानं, एका घावात. आणि मानेवर बिबट्याचा चावा. पण त्या चाव्यानं मी चक्रावलो. बिबट्याचे सुळे मानेत आरपार जातात. इथे कातडीला भोकच नव्हतं. आत मात्र रक्त साकळून सगळं काळं-निळं झालेलं. म्हणजे बिबट्यानं धरलं होतं, दाबलं होतं, पुन्हा पुन्हा धरलं होतं, आणि दात आत गेलेच नव्हते. मादी किती वेळ जिवंत असेल त्याचा मी अंदाज केला आणि विचार करणं थांबवलं. जे दिसलं ते सगळं लिहिलं.

सरांना विचारलं. ते म्हणाले, "कोवळं पिल्लू असेल, दुधाचे दात. आणि पाय? अहो, हा तर सरळ माडिया शिकारीचा प्रकार. पाय कापायचा, म्हणजे पळत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लालसूला मी काढून टाकलंय. कारण मला बोलायला लावू नका."

दसऱ्याच्या आधी लालसूला अटक झाली. त्याच्या घरी कुऱ्हाड सापडली. त्या भागात कुऱ्हाड नसलेलं घर दाखवा आणि माझ्याकडून बक्षीस न्या. पण माझ्या अहवालात 'धारदार हत्यार' असं लिहिलेलं होतं, आणि सरांनी जबाब दिला होता. दोन्ही जोडलं की झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालसूची बायको रुपी कडुनिंबाखाली येऊन बसली. नामदेवभाऊंनी विचारलं, "बाई, बकरी कुठी हाय?" त्यांना वाटलं, पेशंट घेऊन आली असेल. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, "तुह्या कागदानं नेलं त्याले. तुह्या कागदानं आन."

मी तिला समजावलं की मी फक्त दिसलं ते लिहिलं, नाव कुणाचं लिहिलं नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिथेच बसून राहिली. संध्याकाळी गेली, सकाळी पुन्हा आली. तिचा भाऊ कधीकाळी चंद्रपूरच्या तुरुंगात होता. परत आला तेव्हा घरात झोपेना, कुणाशी बोलेना, आणि एका पावसाळ्यात संपला. ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

रेंज ऑफिसच्या मागच्या खोलीत लालसूला ठेवलं होतं. मी भेटायला गेलो. रेंजर भोयर साहेब, म्हणजे त्या भागातल्या जंगलाचे अधिकारी, शेजारी खुर्ची टाकून बसले. सरळ माणूस, पण नोकरीत मुरलेला.

"तू कापला का पाय?" मी लालसूला विचारलं.

"मी कापला असता तं मांस कुठी गेलं?" तो म्हणाला. "तूच तं जाळलं सारं. मी मारलं असतं तं खाल्लं असतं. येवढं मोठं चितळ नाल्यात फेकाले मी येडा हाय का?"

भोयर साहेब हसले आणि मग हसायचे थांबले.

"मग पारसनीस सरांचं काम काऊन सोडलं?" त्यांनी विचारलं.

लालसू जमिनीकडे बघत म्हणाला, "थो अर्धं माराले सांगे. म्हने, पाय काप, बांधलं तं दोरी दिसते फोटूत. मी म्हनलो, माराचं तं मारावं. अर्धं मारू नाई. जनावर आपल्याले पाह्यत राह्यते."

आम्ही बाहेर आलो. भोयर साहेबांनी तंबाखू मळला. "डॉक्टर, मले पटलं हो. पण वर कोन मानंल? त्यांच्या तळावर विनापुरावा गेलो तं उद्या माही बदली, परवा तुमची. अन् त्यांले सुगावा लागला की तिथी काई उरनार नाई. वन्यजीव सप्ताह संपला की याले कोर्टात उभं करून चंद्रपूरले पाठवाचा हाय. तवापर्यंत काई आना."

मी काय आणणार होतो? दवाखान्यात येऊन मी टेबलामागच्या फोटोसमोर उभा राहिलो. बिबट्याचं तोंड उघडं होतं, पण सावलीत. मादीचे पाय चौकटीच्या खाली कापले गेले होते. मी खुर्चीवर चढून चौकट उलटी करून पाहिली. मागे नुसता पुठ्ठा होता. झाडाखालून रुपी माझ्याकडे बघत होती.

वन्यजीव सप्ताहात शाळेच्या मोठ्या खोलीत सरांच्या स्लाइडचा कार्यक्रम ठेवला होता. दिवेलागणीला खोली भरून गेली. पुढे खुर्च्यांवर विभागाचे मोठे वनअधिकारी, तहसीलदार, मास्तर. मागे सतरंजीवर आसपासच्या गावांतले धान पिकवणारे शेतकरी, बाया, पोरं. लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही म्हणून बाहेर जनरेटर घुरघुरत होता. मी मधल्या रांगेत भिंतीला टेकून बसलो. मला काय शोधायचं ते माहीत होतं, सापडेल की नाही ते माहीत नव्हतं, आणि सापडलं तर माझ्यात उठून उभं राहायची हिंमत आहे का, हे तर अजिबात माहीत नव्हतं.

सर सुरेख बोलले. पक्षी झाले, अस्वल झालं, लोक हरखून गेले. एका मोरावर तर टाळ्या पडल्या. मग सर म्हणाले, "आता जे दाखवणार आहे ते फार थोड्या लोकांनी पाहिलंय," आणि चादरीवर माझ्या दवाखान्यातला फोटो उभा राहिला.

पण पूर्ण. खालची कडा न कापलेला.

मादी टाच टेकवून उभी होती. मागचा उजवा पाय गुडघ्याखाली सपाट जमिनीवर, खूर पुढे लोळलेला. मला भेट दिलेला फोटो छापताना सरांनी ती कडा काढली होती. इथे त्यांना वाटलं असावं, अहेरीच्या या गर्दीपुढे काय कापायचं, यांना काय कळतंय.

मी उभा राहिलो. "सर, ही मादी अशी का उभी आहे?"

यंत्राच्या उजेडात सरांचा चेहरा अर्धाच दिसत होता. ते हसले. "भीतीनं, डॉक्टर. झेप घेण्याआधी अंग आकसतं. गाई-बैल वेगळे आणि जंगल वेगळं, बरं का." पुढच्या खुर्च्या हसल्या.

माझा राग तिथे चढला. लालसूसाठी चढला म्हणालो तर अर्धं खरं. त्या हसण्यानंही चढला. मी पुढच्या खुर्च्यांकडे पाठ केली आणि मागे सतरंजीकडे तोंड करून मोठ्यानं विचारलं, "भाऊ, हे चितळ आहे हे घडीभर विसरा. तुमचा बैल असा उभा राहिला असता तर काय म्हणाल?"

नांगरताना बैल मागे सरकला की लोखंडी फाळ त्याच्या टाचेत घुसतो. त्या भागात ज्यानं धानाचा बांध राखला आहे, त्यानं एकदा तरी हे पाहिलेलं असतं. माझ्याकडे दर पेरणीला असे बैल येत.

सतरंजीवरची डोकी चादरीकडे पुढे झुकली. मग भिंतीजवळून एक म्हातारा, सोमाजीभाऊ, ज्यांचा पांढरा बैल मी वर्षभरापूर्वी याच दुखण्यात सांभाळला होता, बसल्या जागेवरून बोलले, "फाळ लागला ना तिले! टाच टेकून राह्यली. खूर पाह्य कसं लोळते."

"हाव, फाळच," दुसरा कुणी म्हणाला. मागून बायांचा आवाज आला, "अवो माय, शीर तुटली तिची."

आणि पोरांच्या बाजूनं कुणीतरी खिदळत ओरडलं, "जंगलात नांगर कोनं चालवला वो?"

सगळे हसले. हसता हसता खोली गप्प झाली. त्या गप्पपणात सरांचा हात यंत्राकडे गेला, खट्कन आवाज झाला आणि चादरीवर एक फुलपाखरू आलं. कुणी फुलपाखराकडे बघत नव्हतं.

पुढच्या खुर्चीतले मोठे वनअधिकारी वळले. "मागची पुन्हा लावा," ते म्हणाले.

"दिवा तापलाय, साहेब. स्लाइड जळेल," सर म्हणाले.

"मंग जळू नये म्हनून मीच काढतो," असं म्हणून भोयर साहेब उठले, यंत्रापाशी गेले आणि त्यांनी स्लाइडच्या डब्यावर हात ठेवला. सरांनीही ठेवला. दोघं तसेच उभे होते. मग सरांनी हात काढून घेतला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की लालसू घरी जाईल.

सरांना त्या रात्री विश्रामगृहात मुक्कामाचा फारच आग्रह झाला. उजाडताच भोयर साहेब, नामदेवभाऊ, दोन पंच आणि मी तळावर गेलो. तंबूच्या मागे, नाल्याच्या वळणात, उंच तट्ट्यांचं कुंपण होतं. आत झुडपं लावलेली, एका बाजूला कॅमेऱ्यापुरतं भोक ठेवलेली झोपडी. कुंपणाच्या कोपऱ्यात एक चितळ बांधलेलं होतं, त्याचे पाय अजून धड होते. आणि पलीकडे पिंजऱ्यात बिबट्या. दोन वर्षांपूर्वी एका गावातून धरून 'लांब सोडलेला' तो हाच, कानाच्या फाटक्या कडेवरून भोयर साहेबांनी ओळखला.

बरगड्या मोजता येतील असं जनावर. उठायला तयार नव्हतं. मला त्याचं तोंड बघायचं होतं. त्या काळी आमच्याकडे बेशुद्धीची बंदूक कुठून असणार? काठीच्या टोकाला सुई बांधून गुंगीचं औषध टोचलं, थांबलो, काठीनं ढोसून पाहिलं, आणि गजांतून हात आत घातला. नामदेवभाऊ मागून म्हणाले, "साहेब, पाहू जरा," आणि या एका वेळी मी त्यांचं ऐकायला हवं होतं.

बिबट्या उसळला. माझ्या मनगटाच्या वर त्यानं जबडा मिटला. हाड मोडल्यासारखी कळ डोक्यापर्यंत गेली. मी ओरडलो, भोयर साहेबांनी मला मागे ओढलं, आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले, कारण तिथे आता हात उरला असेल असं मला वाटत नव्हतं.

उघडले तर हात होता. त्यावर रक्ताचा थेंब नव्हता. बघता बघता कातडीखाली काळं-निळं चढत गेलं, दोन्ही बाजूंनी, अर्धगोल. भोक एकही नाही.

मी ती खूण ओळखली. त्या सगळ्या माद्यांच्या मानेवर मी तीच पाहिली होती. औषध पुरतं चढल्यावर तोंड उघडून पाहिलं, चारही सुळे कानशीनं घासून सपाट केलेले होते, नखं मुळापासून काढलेली. फोटो काढताना माणसाला धोका नको, म्हणून. त्या बिबट्यानं आपल्याकडचं सगळं बळ लावून मला चावलं होतं आणि मला काहीच झालं नव्हतं. मी पिंजऱ्यापाशी खाली बसलो आणि रडलो. दुखत होतं म्हणून रडलो असं नामदेवभाऊंनी गावात सांगितलं, मी ते खोडलं नाही.

भोयर साहेबांनी पंचनाम्यात माझा हात घेतला. पंचांनी माझा हात आलटून-पालटून पाहिला आणि अंगठे दिले. नोकरीत माझा स्वतःचाच पंचनामा झाला तो तेवढाच.

लालसू त्याच आठवड्यात सुटला. रुपी कडुनिंबाखालून उठली आणि जाताना झाडाखालची तिची बसायची जागा हातानं झाडून गेली.

सरांचा खटला पुष्कळ वर्षं चालला. आधी शहरातल्या लोकांनी मलाच शिव्या घातल्या. मत्सर, जातीचा राग, काय काय लिहून आलं. मग आणखी स्लाइड बाहेर आल्या, रविवारचं सदर बंद झालं, सत्कार रद्द झाले. आदल्या वर्षी ज्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं त्यांनीच त्यांची पुस्तकं शाळेतून काढली. शिक्षा झाली, फार मोठी नाही. कोर्टात ते म्हणाले, "लोकांनी जंगलावर प्रेम करावं म्हणून मी हे केलं." मला वाटतं त्यांना ते खरंच वाटत होतं, आणि त्याचीच मला अजून चीड येते. माकडाचा बदललेला आवाज आजही ऐकला की मला तेच आठवतात. हे ज्ञान त्यांनी दिलं, ते परत कसं करणार?

बिबट्याला जंगलात सोडणं शक्य नव्हतं. एका प्राणिसंग्रहालयात बारीक केलेल्या मांसावर तो काही वर्षं जगला.

निकालानंतर मुद्देमाल नष्ट करण्याचा हुकूम आला. तोवर माझी बदली झाली होती, पण साक्षीदार म्हणून मला अहेरीला बोलावलं. भोयर साहेब निवृत्तीला टेकले होते. रेंज ऑफिसच्या मागच्या अंगणात त्यांनी लाकडं रचली आणि पंच कोण म्हणून विचारल्यावर म्हणाले, "बोलावला हाय." फाटकातून लालसू आला. केस पिकले होते. माझ्याकडे बघून म्हणाला, "डाक्टर, आज बी जाळून राह्यला?"

डब्यातल्या स्लाइड एकेक करून विस्तवात पडल्या. फिल्म आधी आक्रसते, मग तिच्यातून काळा, कडू धूर निघतो. ती मादीची स्लाइड भोयर साहेबांनी लालसूच्या हातात दिली. त्यानं ती आकाशाकडे धरून पाहिली, इतकी वर्षं कपाटात टाच टेकवून उभी राहिलेली ती मादी, आणि विस्तवात सोडली. मग आम्ही चौघं-पाच जण नियमाप्रमाणे तिथेच उभे राहिलो. दुपार होती, ऊन रणरणत होतं, कारकून सावलीत जायला बघत होता. लालसू हलला नाही. विस्तव पांढरा झाल्यावर त्यानं काठीनं राख उकरून पाहिली, कुठे तुकडा राहिला नाही याची खात्री केली, आणि शाईच्या डबीवर अंगठा टेकवला.

"आता मेली थे," तो म्हणाला, आणि कागदावर अंगठा उठवला.